सल्ला सदर : ‘चार वर्षं खेळलीस, आता पुरे’

प्रिय ताई,
मी मूळची सांगलीची. टेनिसच्या स्कॉलरशिपवर अमेरिकेत आले आणि मिडवेस्टमधल्या एका लहान विद्यापीठाच्या डिव्हिजन टू, म्हणजे दुसऱ्या पातळीच्या संघात खेळते. विषय बिझनेस अ‍ॅनालिटिक्स, येत्या मे महिन्यात पदवी हातात येईल. आमच्या कोचनी विचारलंय, इथेच मास्टर्स कर आणि दोन वर्षं ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून मुलींच्या संघाबरोबर काम कर. फी माफ, वर थोडा भत्ता. मला हे मनापासून करायचंय. पुढे कॉलेजच्या मुलींच्या संघाची हेड कोच व्हायचंय. बाबा म्हणतात, “चार वर्षं खेळलीस, आता पुरे. विषय चांगला आहे, नोकरी बघ.” आईचं वेगळंच, “कोच मुलीला स्थळ कोण आणणार?” शिवाय मी संघाच्या क्रमवारीत चार नंबरच्या वर कधी खेळले नाही. माझं ऐकणार तरी कोण, असंही वाटतं. काय करू?
– सांगलीकर, सध्या मिडवेस्ट

सांगलीकर,

या सदरात करिअरची पत्रं ढिगानं येतात. इंजिनिअरिंग सोडू का, एमपीएससीला अजून एकदा बसू का, बहुतेक यातलंच काहीतरी. टेनिस कोचचं पत्र पहिल्यांदाच आलं. योगायोगानं अमेरिकेत असताना मी काही वर्षं एका कॉलेजच्या मुलींच्या संघाची असिस्टंट कोच होते, त्यामुळे आज थोडं लांबण लावणार आहे.

उत्तर आधीच सांगून टाकते. ऑफर घे. मात्र होकार कळवण्याआधी काही गोष्टी लेखी मागून घे, आणि बाबांशी बोलताना ‘टेनिस माझा श्वास आहे’ वगैरे अजिबात म्हणू नकोस. तुला टेनिस आवडतं हे त्यांना चांगलं ठाऊक आहे, रॅकेटांची बिलं त्यांनीच भरलीयेत. त्यांना कागद आणि आकडे हवेत, आणि बापानं ते मागितले तर त्यात काही चुकीचं नाही.

चार नंबरची शंका पहिल्यांदा निकालात काढू. मोठ्या खेळाडू कोच झाल्यात हे खरं. स्टॅनफर्डच्या लेले फरूड व्यावसायिक टेनिस खेळून आल्या होत्या. यूसीएलएच्या स्टेला सॅम्प्रस-वेबस्टर, म्हणजे पीट सॅम्प्रसची बहीण, स्वतः एनसीएए या कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धेत दुहेरीच्या विजेत्या. पण सुजय लामांकडेही बघ. काठमांडूचा मुलगा, आयोवातल्या ल्यूथर कॉलेजात खेळला. ते डिव्हिजन थ्री, तिथे खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत. पुढे ते इलिनॉयच्या महिला संघाचे हेड कोच झाले आणि २००६ मध्ये नॉर्थ टेक्ससच्या महिला संघाची सूत्रं त्यांच्याकडे गेली. तू कितव्या नंबरला खेळायचीस हे पहिल्या मुलाखतीत एकदा विचारतील. दुसऱ्या वर्षी तू कोणत्या मुली आणल्यास एवढंच विचारतील.

आता कामाबद्दल. संघात राहून तू ते अर्धंच पाहिलंयस. बाकी वाचकांसाठी थोडक्यात सांगते. कॉलेजच्या लढतीत आधी तीन दुहेरी सामने होतात, एकेका सेटचे. त्यातले दोन जिंकणाऱ्या संघाला मिळून एकच गुण. मग सहा एकेरी, प्रत्येकी एक गुण. सातपैकी चार मिळवले की लढत खिशात. ड्यूसनंतर, म्हणजे ४०-४० झाल्यावर, अ‍ॅडव्हांटेजची भानगड नाही, पुढचा पॉइंट घेईल त्याचा गेम. आणि सामना चालू असताना कोच कोर्टवर जाऊन बोलू शकतो. समजा असिस्टंट म्हणून तुझ्याकडे चार, पाच, सहा नंबरची कोर्टं आली, तर एकाच वेळी तीन मुली तीन वेगळ्या संकटांत. एकीची सर्व्हिस जाळ्याच्या वर जात नाहीये. दुसरी पुढे असूनही रडतेय. तिसरीची खात्री झालीये की पलीकडची मुद्दाम चुकीचे ‘आऊट’ देतेय. बाजू बदलताना ९० सेकंद मिळतात, त्यातले निम्मे पाणी पिण्यात आणि तोंड पुसण्यात जातात. उरलेल्या वेळात तिला एकच गोष्ट सांगायची. दोन सांगितल्या तर ती दोन्ही विसरते.

हा त्यातला सोपा भाग. अवघड भाग आदल्या संध्याकाळीच उरकलेला असतो. एकेरीचे सहा नंबर कुवतीच्या क्रमानंच लावावे लागतात. कच्ची मुलगी वर टाकून खालचे गुण लाटायचे, हा डाव नियमात बसत नाही. संघात नऊ-दहा मुली आणि एकेरीच्या जागा सहा. सातव्या मुलीला ‘उद्या तू एकेरीत नाहीस’ हे कुणीतरी तोंडावर सांगायचं असतं, आणि हेड कोचला हे काम असिस्टंटच्या गळ्यात मारायला फार आवडतं. एका दौऱ्यात मोटेलच्या पॅसेजमध्ये, बर्फाच्या मशीनशेजारी, मी हे एका जपानी मुलीला सांगत होते. मशीन मध्येच खडखडायचं आणि आम्ही दोघी ते थांबायची वाट बघायचो. तिनं वाद घातला नाही, का म्हणून विचारलं नाही. म्हणाली, “आई तिकडे रात्री दोनचा गजर लावून स्कोअर बघते. तिला आत्ताच कळवते, म्हणजे झोपेल तरी.” लाइनअप काही मी बदलली नाही. सोमवारच्या सरावात पहिला अर्धा तास मात्र तिच्याच कोर्टवर काढला. तू चार नंबरला खेळलीयेस, वर सरकायची आशा आणि खाली घसरायची धास्ती दोन्ही तुला माहीत आहेत. संघाची एक नंबरची मुलगी कोच होते तेव्हा तिला सातवीशी काय बोलावं तेच कळत नाही, असं मी दोनदा पाहिलंय.

आणि यातलं काहीच नसतं तेव्हा रिक्रूटिंग असतं. कोचचा निम्मा जीव त्यातच जातो. डिव्हिजन वनमध्ये अमेरिकी शाळेची दहावी संपल्यावरच्या १५ जूनपासून मुलीशी थेट संपर्क करता येतो. त्या तारखेच्या मध्यरात्रीपासून कोच लोकांचे अंगठे चालू होतात. यूटीआर नावाची, खेळाडूची ताकद मोजणारी, साडेसोळापर्यंत जाणारी पट्टी आहे, तिच्यावरून मुलगी साधारण कुठे बसेल ते कळतं. पण साडेआठची मुलगी हरताना कशी वागते हे पट्टी सांगत नाही. त्यासाठी आयटीएफ या आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या ज्युनियर स्पर्धा, व्हिडिओ, तिच्या क्लबच्या कोचशी फोन, आणि आई-वडिलांशी बरेच फोन. इथे तुझं पारडं जड आहे. ‘हिचं शिक्षण बुडणार नाही ना?’, ‘होस्टेलवर जेवणाचं काय?’, ‘दुखापत झाली तर स्कॉलरशिप काढून घेतात का?’ या प्रश्नांना नाशिकच्या किंवा सोलापूरच्या आईला तिच्या भाषेत उत्तर देणारी कोच अमेरिकेत किती सापडेल? बाबांना उदाहरण द्यायचं असेल तर ऋतुजा भोसलेचं दे. श्रीरामपूरची मुलगी टेक्सस ए अँड एमकडून कॉलेज टेनिस खेळली आणि २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेऊन आली. तिच्यासारख्या मुलीला कुणीतरी हेरावं लागतं, घरच्यांची समजूत घालावी लागते, ते काम कोचचं.

उरलेला वेळ व्हॅन चालवणं, खोल्यांच्या चाव्या वाटणं, कुणाला ग्लुटेन चालत नाही ते लक्षात ठेवून सँडविच मागवणं, आणि आठवड्याचे २० तास ओलांडले नाहीत याची नोंद ठेवणं यात जातो. कॉलेजच्या खेळाडूला हंगामात यापेक्षा जास्त वेळ राबवता येत नाही. हे सगळं वाचूनही पोटात गोळा आला नाही, तर पुढचं वाच. आला असेल तर टेनिस आवडतं पण ही नोकरी नको, एवढाच त्याचा अर्थ. रविवारी क्लबवर खेळून अ‍ॅनालिटिक्समध्ये सुखानं राहता येतं.

आता व्हिसा. इथे आपल्या मुली फसतात म्हणून जरा नीट ऐक. एफ-१, म्हणजे विद्यार्थ्यांच्या व्हिसावर विद्यापीठ चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांच्या वर काम करता येत नाही. वर सांगितलेले २० तास खेळाडूंचे होते, हे तुझे. दोघांची गल्लत करू नकोस, तुझा कोच करेल कदाचित. शुक्रवारी दुपारी निघून रविवारी रात्री परतलं की कागदावरचे २० तास तिथेच संपतात. मग सोमवार ते गुरुवारचा सराव कशात धरायचा? हे तास कसे मोजणार, प्रवास धरणार का, हे कोचला ईमेलवर विचार आणि उत्तर इंटरनॅशनल ऑफिसला दाखव. कोच चांगला माणूस असेल, पण नियम मोडला तर व्हिसा त्याचा जात नाही. आणि शनिवारी गावातल्या क्लबवर दोन पोरांना शिकवून रोख पैसे घेणं तर मुळीच नको. बाहेरची कमाई त्या व्हिसात बसत नाही. “सगळे करतात” असं सांगणाऱ्या भेटतील, त्यांना नमस्कार कर.

पुढचा पेच मास्टर्सच्या विषयाचा. पदवीनंतर ओपीटीचे, म्हणजे त्याच व्हिसावर नोकरी करायच्या परवानगीचे, १२ महिने मिळतात, आणि काम शिक्षणाशी जोडलेलं असावं लागतं. विषय स्टेम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-इंजिनिअरिंग-गणिताच्या यादीत असेल तर आणखी २४ महिने. बिझनेस अ‍ॅनालिटिक्स बऱ्याच विद्यापीठांत त्या यादीत आहे, तुझं काय ते बघून घे. बाबांच्या मनात ही तीन वर्षंच असणार. मास्टर्स झालं की वरच्या पातळीची पदवी म्हणून १२ महिने नव्यानं मिळतात. माझा कल स्पोर्ट मॅनेजमेंट किंवा तशाच विषयाकडे आहे, कारण पहिली असिस्टंटची नोकरी ओपीटीवर करायची तर ती पदवीशी जुळायला हवी. अ‍ॅनालिटिक्सची पदवी त्यामुळे वाया जात नाही. आधीच्या अमेरिकी स्टेम पदवीच्या आधारे नंतरही २४ महिन्यांची मुदतवाढ मागता येते, फक्त ते काम त्या विषयातलं असावं लागतं. खेळाच्या आकडेवारीची कामं हल्ली वाढलीयेत, तो दरवाजा उघडा ठेव. यातली एकूण एक गोष्ट इंटरनॅशनल ऑफिसकडून लेखी घे, माझ्या सदराच्या भरवशावर राहू नकोस.

त्यापुढे एच-१बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा. विद्यापीठांना त्याच्या लॉटरीतून सूट आहे ही चांगली बातमी. वाईट बातमी अशी की कोचच्या पदाला ठरावीक विषयाचीच पदवी लागते हे पटवून देणं जड जातं. शिवाय सप्टेंबर २०२५ पासून देशाबाहेर असलेल्या उमेदवाराच्या नव्या अर्जावर १ लाख डॉलरची फी बसवलीये, म्हणजे मध्येच घरी येऊन मग अर्ज करू हा विचार महागात पडेल. काही कोच असामान्य कर्तृत्वाच्या ओ-१ व्हिसावर राहतात, पण त्यासाठी आधी कर्तृत्व उभं करावं लागतं. तेव्हा दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच वकिलाला गाठ, शेवटच्या महिन्यात नको.

पगाराचा आकडा मी देत नाही, कारण कॉलेजागणिक तो इतका बदलतो की दिलेला कुठलाही आकडा खोटाच ठरेल. पण बहुतेक राज्यांत सरकारी विद्यापीठातल्या नोकरांचे पगार जाहीर असतात, कोचचं नाव टाकलं की दिसतात. तुझ्या आसपासची लहान-मोठी पाच-सहा कॉलेजं निवड, असिस्टंट आणि हेड दोघांचे पगार काढ आणि बाबांना पाठव. फक्त मोठ्या नावांचे पाठवू नकोस. अ‍ॅनालिटिक्सच्या नोकरीचा आकडा शेजारी ठेव, तो मोठा दिसेल, दिसू दे.

बाबा पुढचा प्रश्न ‘टिकेल का’ असा विचारतील. जून २०२५ मध्ये न्यायालयानं मंजूर केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. तो पैसा अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे जातो, आणि जे खेळ कमावत नाहीत त्यांच्या पोटावर पाय येतो. टेनिस कमावत नाही. मिनेसोटा आणि आयोवा या दोन मोठ्या विद्यापीठांनी तर २०२० मध्येच पुरुषांचं टेनिस बंद करायचं जाहीर केलं होतं. मुलींच्या संघाला थोडी ढाल आहे. १९७२ चा टायटल नाइन कायदा मुलींना खेळाच्या संधी बरोबरीनं द्यायला लावतो, त्यामुळे त्यांच्या संघावर कुऱ्हाड चालवताना विद्यापीठ दोनदा विचार करतं. तरी मुलींचे संघही बंद झालेत, हे लपवू नकोस. लहान कॉलेजांचं गणित उलटं असतं. तिथे संघामुळे फी भरणारे विद्यार्थी येतात, म्हणून कोचला किती लढती जिंकल्या यापेक्षा रोस्टर (खेळाडूंची यादी) भरला का हे आधी विचारतात. हेड कोचचा करार अनेक ठिकाणी वर्षावर्षाचा, आणि नवा अ‍ॅथलेटिक डायरेक्टर आला की तो आपली माणसं आणतो. घर विकत घेताना हे लक्षात ठेवायचं, भाड्यानं राहताना फारसं बिघडत नाही.

तू पत्रात विचारलं नाहीस, पण एक गोष्ट मला सांगायचीच आहे. त्याच टायटल नाइनच्या आधी अमेरिकी कॉलेजांत मुलींच्या संघांचे ९० टक्क्यांहून जास्त कोच स्त्रिया होत्या. कायदा आला, संघांना पैसे आले, पदांना पगार आले, आणि पुरुष आले. आज मुलींच्या संघांत स्त्री हेड कोच निम्म्याहून कमी. टेनिसचंच बघ. स्टॅनफर्डला फ्रँक ब्रेनन यांनी दहा विजेतेपदं दिली. त्यांच्या हाताखाली वर्षानुवर्षं असिस्टंट असलेल्या लेले फरूड २००० मध्ये हेड झाल्या आणि त्यांनीही दहा दिली, शेवटचं २०१९ मध्ये. २०२० ला करोनामुळे स्पर्धा झाली नाही. त्यानंतर २०२५ पर्यंत टेक्सस दोनदा, नॉर्थ कॅरोलायना, टेक्सस ए अँड एम आणि जॉर्जिया हे महिला संघ जिंकले, आणि पाचही वेळा करंडक उचलणारा कोच पुरुष होता. ते वाईट कोच आहेत असं नाही, चांगलेच आहेत. पण हेड कोच पुरुष असला की ‘स्टाफवर एक बाई हवी’ म्हणून असिस्टंट बाई घेतात, आणि मग मुलींची रडारड, रूममेटची भांडणं, पाळीच्या तक्रारी एवढंच तिच्या वाट्याला येतं. रिक्रूटिंग आणि लाइनअप त्याच्याकडे. पाच वर्षांनी हेड कोचच्या मुलाखतीत “तुम्ही स्वतः कुणाला आणलंत?” विचारलं की ती गप्प. म्हणून ग्रॅज्युएट असिस्टंट असतानाच मागून घे: रिक्रूटिंगच्या कॉलवर मी असणार, लाइनअप ठरताना खोलीत असणार, लढतीत माझी कोर्टं ठरलेली असणार. कोच हसून “बघू” म्हणाला तर त्यातूनही उत्तर मिळालं असं समज. मग दुसऱ्या कॉलेजांच्या ग्रॅज्युएट असिस्टंटच्या जागा बघ, त्या सगळीकडे निघतात.

परत यावं लागलं तर काय? आपल्याकडे ही नोकरी या रूपात नाही. महाराष्ट्रातल्या कॉलेजात क्रीडा संचालकाचं पद असतं, त्याला शारीरिक शिक्षणातली मास्टर्स आणि नेट किंवा सेट लागते, आणि काम सगळ्या खेळांचं. तुझा रस्ता खासगी अकादमीचा, पुण्या-मुंबईकडचा. त्यासाठी आयटीएफच्या कोचिंग लेव्हल कामाला येतात. सुट्टीत आलीस की पहिली करून टाक. शिवाय अमेरिकी कॉलेजात जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींना वाट दाखवायला इथे लोक एजंटांना बक्कळ पैसे मोजतात. दोन वर्षं आतून रिक्रूटिंग पाहिलेली मुलगी त्यात उपाशी मरणार नाही. बाबांना हे शेवटी सांग, आधी सांगितलंस तर ते तेवढंच धरून बसतील.

राहिली आई. स्थळाचं मला फारसं कळत नाही, माझंही कुणी आणलं नव्हतं. पण कुठे ठरलंच, तर तारीख जूनमधली काढायला सांग. फेब्रुवारी ते मे कुठलाच टेनिस कोच रिकामा नसतो, आणि जुलैत आपल्याकडे चातुर्मास लागतो.